'लिबरल' म्हणजे नक्की कोण? देश आणि साल बदललं की अर्थ उलटतो, मराठीत काय लिहावं?

टिपणवही

परदेशी निवडणुकांच्या बातम्या आणि राज्यशास्त्राची टिपणं मराठीत आणताना 'लिबरल' या एका शब्दावर गाडी हमखास अडते. कोशातलं उत्तर सरळ आहे: उदारमतवादी. पण ते जसंच्या तसं लावलं की वाक्य भलतंच बोलू लागतं. ही चार वाक्यं बघा.

१. ऑस्ट्रेलियात लिबरल सरकारने कामगार संघटनांचे पंख छाटणारा कायदा आणला.
२. अमेरिकेतल्या लिबरल मतदारांना सरकारने आरोग्यावर जास्त खर्च करायला हवा आहे.
३. फ्रान्समधल्या डाव्या पक्षांनी सरकारवर 'लिबरल' धोरणं राबवल्याचा आरोप केला.
४. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले लिबरल होते.

चारही ठिकाणी 'उदारमतवादी' लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो: मनाने मोठा, जातपात न मानणारा, बहुधा पुण्याचा. तो माणूस पहिल्या वाक्यात संघटना मोडतो आणि दुसऱ्यात सरकारी दवाखाने मागतो. तिसऱ्यात तर उदारमतवादी असणं हाच आरोप!

हे अर्थ इतके फाटले कसे? आणि मराठीत छापता येईल असं काय लिहायचं? 'संदर्भानुसार ठरवा' एवढंच उत्तर नको. संदर्भात नेमकं काय बघायचं, ते हवं आहे.

सनदशीर

संदर्भात एक गोष्ट आधी बघायची: त्या देशात, त्या साली, समोर कोण उभा होता. 'लिबरल' हा शब्द एकटा कधीच आलेला नाही, तो कुणाच्या तरी विरोधात आला. तो विरोधक सापडला की अर्थ सापडतो.

राजकीय गटाचं नाव म्हणून हा शब्द रुजला तो स्पेनमध्ये. नेपोलियनच्या फौजा देशात असताना काडिझ शहरात संसद भरली, तिने 1812 ची राज्यघटना केली. राजसत्तेला घटनेने बांधा, छापखान्याला मोकळीक द्या, असं म्हणणारे 'लिबेरालेस'. त्यांनी विरोधकांना ठेवलेलं नाव होतं 'सर्विलेस', म्हणजे आपल्या भाषेत हुजरे. समोर राजा आणि धर्मपीठ, म्हणून इथे लिबरलचा अर्थ निरंकुश सत्तेला लगाम घालणारा.

पुढे इंग्लंड. 1830-40 च्या दशकांत समोर होते मोठे जमीनदार. परदेशी धान्यावर जकात होती, त्यामुळे पाव महाग आणि जमीनदारांचा खंड शाबूत. मँचेस्टरच्या कारखानदारांनी 1838 मध्ये या धान्य कायद्यांविरुद्ध संघटना उभारली आणि 1846 मध्ये ते कायदे गेले. इथे लिबरल म्हणजे खुला व्यापार, कमी कर, सरकारने बाजूला सरावं. जुना व्हिग गट, आमूलाग्र सुधारणा मागणारे रॅडिकल आणि हे कायदे रद्द करणारे पंतप्रधान पील यांचे अनुयायी एकत्र येऊन 1859 मध्ये लिबरल पक्ष झाला, तो याच पायावर.

आता खरी मेख. त्याच पक्षाच्या सरकारने 1908 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत पेन्शनचा कायदा केला. 1909 मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी धनिकांवर आणि जमिनीवर कर लावणारा अर्थसंकल्प मांडला, 1911 मध्ये आजारपणाचा आणि बेकारीचा विमा आला. पक्ष तोच, नाव तेच, आणि पन्नास वर्षांत 'सरकार बाजूला सरा' याचं 'सरकार पुढे या' झालं. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. उपाशी किंवा आजारी माणसाला कागदावरचं स्वातंत्र्य वापरता येत नाही, म्हणून सरकारने त्याला वापरता येईल इतपत उभं करावं, असं त्यांचं म्हणणं. समोरचा शत्रू आता जकात नव्हती, गरिबी होती.

अमेरिकेने हा दुसरा अर्थ उचलला. 1930 च्या दशकात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या 'न्यू डील'ला, म्हणजे मंदीत सरकारी खर्चाने रोजगार आणि मदत देण्याच्या कार्यक्रमाला, लिबरल म्हटलं. ज्यांना हरवून ते निवडून आले ते हर्बर्ट हूवर मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की खरे लिबरल आम्ही, कारण आम्ही सरकारला आवर घालतो. शब्दावरची ही लढाई हूवर हरले. तेव्हापासून अमेरिकेत लिबरल म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचा, डावीकडे झुकलेला. युरोपात पहिला अर्थ टिकला. म्हणून फ्रान्समध्ये तो बाजारवाल्यांना लावलेला ठपका आहे, आणि जर्मनीतला फ्री डेमोक्रॅटिक पक्ष कमी कर आणि मोकळा उद्योग मागतो म्हणून लिबरल ठरतो.

थोडक्यात, तुमचं वाक्य २ आणि वाक्य ३ हे एकाच घराण्यातले दोन भाऊ आहेत. वाटणी झाली आहे आणि आडनाव दोघांनीही ठेवलं आहे.

यारा_काठ

ऑस्ट्रेलियाचं सांगतो. इथला लिबरल पक्ष रॉबर्ट मेंझीस यांनी 1944 मध्ये उभा केला, आणि समोर होता कामगार संघटनांच्या पाठबळावरचा लेबर पक्ष. लेबरविरोधी जेवढे होते तेवढ्यांना एका छताखाली आणायचं होतं, त्यामुळे खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते आणि सामाजिकदृष्ट्या अगदी जुन्या वळणाचे लोक एकाच पक्षात बसले. इथे 'लिबरल' म्हणजे मुख्यत्वे 'लेबर नव्हे'. ग्रामीण भागातल्या नॅशनल पक्षाशी त्यांची जुनी युती आहे, तिला नुसतं 'कोअलिशन' म्हणतात. बातमीत ते 'आघाडी सरकार' असं भाषांतरित झालं की महाराष्ट्रातल्या वाचकाला निवडणुकीनंतर जुळवलेली मोट वाटते. तसं ते नसतं.

तुमच्या पहिल्या वाक्यातला कायदा पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या लिबरल सरकारचा दिसतो: 2005 मध्ये संमत झाला, 2006 मध्ये लागू झाला. सामूहिक कराराऐवजी एकेका कामगाराशी वेगळा करार करायला त्याने मालकांना वाव दिला. 2007 च्या निवडणुकीत त्याच मुद्द्यावर रान उठलं, सरकार गेलं आणि हॉवर्ड स्वतःच्या बेनेलाँग मतदारसंघातही पडले.

गंमत अशी की खुल्या मनाचा, व्यक्तिस्वातंत्र्य मानणारा अशा अर्थाने इथले लोक मुद्दाम 'स्मॉल-एल लिबरल' म्हणतात, म्हणजे लहान अक्षरातला लिबरल. मोठं अक्षर पक्षाचं, लहान अक्षर विचाराचं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळे मराठीत नेमका हाच फरक गळून पडतो. तुमच्या अर्ध्या अडचणी इथून येतात असं मला वाटतं. म्हणून पक्ष असेल तर प्रत्येक वेळी 'लिबरल पक्ष' असंच लिहा, नुसतं 'लिबरल' कधीच नको.

जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (1955 मध्ये लिबरल आणि डेमोक्रॅटिक असे दोन पक्ष एकत्र होऊन झालेला) सरळसरळ रूढीप्रिय आहे. रशियात झिरिनोव्हस्की या नेत्याने उभा केलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष तर कट्टर राष्ट्रवादी. कॅनडात दोन पायऱ्या आहेत: संघराज्य पातळीवरचा लिबरल पक्ष मध्यममार्गी, पण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिबरल पक्षाचा त्याच्याशी संघटनात्मक संबंध नव्हता आणि तो उजवीकडचा होता. अखेर 2023 मध्ये त्यांनी नावच बदललं. व्हँकुव्हरची जुनी बातमी मराठीत आणताना हे आधी तपासा.

जुनं_पान

वाक्य ४ बद्दल. वर धागा चांगला चालला आहे, पण आपल्याकडच्या शब्दांवर अजून कुणी आलं नाही, आणि मराठी वाचकाच्या मनातला गोंधळ तर तिथेच आहे.

सरसकट चालणारी चूक म्हणजे 'लिबरल म्हणजे मवाळ'. मवाळ हे नाव विरोधकांनी चिकटवलेलं. जहाल-मवाळ ही जोडी टिळकांच्या बाजूने बघणाऱ्याच्या तोंडची आहे, मऊ आणि कडक अशी. नेमस्त हा त्यातल्या त्यात समतोल शब्द, मर्यादा पाळणारा या अर्थाचा. आणि त्या मंडळींचा पक्ष झाला तेव्हा मराठीत रूढ झालेलं नाव होतं प्रागतिक. एकाच गटाची ही तीन नावं, पण तिन्हींचं वजन वेगळं. टिपणात 'मवाळ' लिहिलंत की न कळत एका बाजूचे झालात.

आता इथे समोर कोण होतं? सनदशीर यांचीच कसोटी लावतो, पण पुण्यात उत्तर एकेरी येत नाही. एका अंगाला इंग्रज सरकार आणि दुसऱ्या अंगाला आपलेच लोक. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलींचं संमतिवय 10 वरून 12 केलं. रानडे यांच्या गोटाने पाठिंबा दिला. टिळकांचं म्हणणं होतं की परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात कायद्याने हात घालू नये. बघा, सरकारने बाजूला राहावं हा मँचेस्टरचा सूर इथे टिळकांच्या तोंडी आहे, आणि आपण ज्यांना उदारमतवादी म्हणतो ते कायदा मागत आहेत. 1895 मध्ये सार्वजनिक सभा ही पुण्यातली जुनी राजकीय संस्था टिळकपक्षाच्या हाती गेली. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मांडवात सामाजिक परिषद (रानडे यांची समाजसुधारणेची परिषद) भरू द्यायची की नाही यावरून वाद पेटला, आणि परिषदेला मांडव मिळाला नाही. 1896 मध्ये रानडे यांनी डेक्कन सभा काढली. तिच्या उद्देशपत्रिकेत उदारमत आणि नेमस्तपणा हे दोन शब्द जोडीने आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगवेगळा सांगितला आहे. उदारमत म्हणजे वंश आणि धर्म यांच्या पूर्वग्रहातून मोकळं होऊन माणसामाणसांत न्याय बघणं, राज्यकर्त्यांना कायद्यापुरती निष्ठा देणं आणि प्रजेसाठी कायद्यापुढची समानता मागणं. नेमस्तपणा म्हणजे आवाक्याबाहेरच्या गोष्टीमागे न धावता हाताशी असलेलं पुढचं पाऊल रोज टाकणं. पहिला शब्द ध्येयाचा, दुसरा चालीचा. आपण पुढे दोन्ही एकत्र कालवले आणि 'उदारमतवादी म्हणजे हळूहळू जाणारा' असं समीकरण करून बसलो.

आर्थिक बाजू तर लोक विसरलेच आहेत. 1892 मध्ये डेक्कन कॉलेजात रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडच्या अर्थशास्त्राचे नियम सर्व काळी सर्व देशांना लागू नाहीत, इथे उद्योग उभे राहायचे तर सरकारने हात द्यायला हवा, असा त्याचा गाभा. फ्रीड्रिख लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या विचारांचा तिथे उघड ठसा आहे. म्हणजे आपले आद्य लिबरल अर्थकारणात खुल्या व्यापाराचे भक्त नव्हते. गोखले यांनी मार्च 1911 मध्ये मांडलेलं विधेयक घ्या. 6 ते 10 वर्षांच्या मुलग्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यायचा, तोही टप्प्याटप्प्याने. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. सक्ती हा शब्द उदारमतवाद्याच्या विधेयकात आहे, हे परीक्षेच्या टिपणांत कुणीतरी ठळक लिहायला हवं.

पुढचा टप्पा 1918 चा. इंग्रज सरकारने देऊ केलेल्या मर्यादित स्वशासनाच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा स्वीकारायच्या की धुडकावायच्या यावर फूट पडली. नेमस्तांनी नोव्हेंबरात मुंबईत सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखाली वेगळी परिषद भरवली, तिचंच पुढे नॅशनल लिबरल फेडरेशन. सप्रू, श्रीनिवास शास्त्री, चिमणलाल सेटलवाड हे त्यातले. गणिती र. पु. परांजपे 1921 मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, तेही याच पक्षाचे. म्हणून 1918 नंतरचा 'लिबरल' हे पक्षाचं नाव आहे, तिथे 'प्रागतिक पक्ष' लिहा. रानडे 1901 मध्ये गेले आणि गोखले 1915 मध्ये. त्यांना 'लिबरल पक्षाचे' म्हणणं ही साधी कालगणनेची चूक आहे, तरी ती सर्रास छापली जाते.

याच डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून डॉ. आंबेडकरांनी 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात रानडे जयंतीचं भाषण केलं. रानडे यांची थोरवी मनापासून सांगून प्रागतिकांना त्यांनी स्पष्ट ऐकवलं की संघटना बांधल्याशिवाय आणि लोकांपर्यंत गेल्याशिवाय पक्ष जगत नाही. हे भाषण शब्दार्थासाठी नाही तरी या पक्षाचं पुढे काय झालं ते कळण्यासाठी वाचाच.

बांधावरून

जुनं_पान यांचं सगळं मान्य. पण गोष्ट पुण्यात संपवू नका. मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो शेतातून आला.

1959 मध्ये राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. समोर होतं परवाना-परमिटचं राज्य आणि काँग्रेसने नागपूरला केलेला सहकारी शेतीचा ठराव. 1967 मध्ये लोकसभेत 44 जागा मिळाल्या, 1974 मध्ये पक्ष भारतीय लोकदलात मिसळला. हा लिबरल म्हणजे सरळ बाजारवादी. शरद जोशी यांनी 1994 मध्ये काढलेला स्वतंत्र भारत पक्ष त्याच धाग्यातला. शेतमालाचे भाव सरकारच पाडतं, निर्यातबंदी आणि लेव्ही (सरकारची सक्तीची धान्यखरेदी) उठवा, शेतकरी बाजाराशी बघून घेईल, ही त्यांची मांडणी. त्यांच्या गोटात 'उदारीकरण'पेक्षा 'खुलीकरण' आणि 'खुली व्यवस्था' हे शब्द जास्त चालत. मला ते जास्त प्रामाणिक वाटतात. उदारीकरणात कुणीतरी वरून उदार झाल्याचा भास आहे, खुलीकरणात बेडी काढली एवढंच आहे.

जोशी यांच्याकडे बघितलं की या छटेची धार कळते. त्यांच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिलांचं प्रचंड अधिवेशन घेतलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. आणि 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 ने संमत झालं, तेव्हा ते एक मत जोशी यांचं होतं. ज्याला 'उदारमतवादी म्हणजे पुरोगामी' एवढंच ठाऊक आहे त्याला हे कोडं वाटतं. स्वखुशीने केलेला बदल हवा आणि कायद्याने लादलेला नको, ही रेघ लक्षात घेतली की कोडं सुटतं.

आणि एक कायदेशीर बाब. 1988 च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 29-अ आलं. पक्षाची नोंदणी करायची तर त्याच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे बाजारवादी लिबरल पक्षालाही कागदावर समाजवादी व्हावं लागतं. म्हणून भारतात पक्षाच्या घटनेतला शब्द वाचून छटा ठरवू नका, त्याची शेती आणि उद्योगावरची भूमिका वाचा.

दुसरीकडे 1991 नंतर डाव्या चळवळीत आणि पाठ्यपुस्तकांत 'खाउजा' रुळलं: खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. त्यातला 'उ' रानडे-गोखल्यांच्या 'उ'शी जोडू नका. मोर्चातल्या घोषणेत तो शिवी आहे, पुण्यातल्या स्मृतिव्याख्यानात गौरव.

टिपणवही

सगळ्यांचे आभार, मोठंच काम झालं. आता नेमकं विचारते. वरची चार वाक्यं तुम्ही कशी छापाल? आणि हे तीन प्रकार राहिले: 'लिबरल डेमोक्रसी', 'लिबरल आर्ट्स', 'निओलिबरल'. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या बातमीतले 'तीन लिबरल न्यायाधीश' हेही.

सनदशीर

मी असं करीन.

वाक्य १: "ऑस्ट्रेलियात उजवीकडे झुकलेल्या लिबरल पक्षाच्या सरकारने…" पक्षाचं नाव तसंच ठेवायचं, भाषांतर करायचं नाही, आणि पहिल्याच उल्लेखात दोन-तीन शब्दांची ओळख जोडायची. दुसऱ्या उल्लेखापासून ओळख नको.

वाक्य २: "अमेरिकेतल्या डावीकडे झुकलेल्या, लिबरल म्हणवणाऱ्या मतदारांना…" जागा कमी असेल तर नुसतं "डावीकडच्या मतदारांना". तिथे हल्ली बरेच जण स्वतःला प्रोग्रेसिव्ह म्हणवतात. त्याला डोळे झाकून 'पुरोगामी' लावू नका. आपल्याकडे पुरोगामी म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर हा वारसा आणि जातिअंताचा लढा मागोमाग येतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींपैकी अनेकांनी दारूबंदी आणि 'वंशसुधारणे'चे कायदेही उचलून धरले होते.

वाक्य ३: "बाजारधार्जिणी धोरणं राबवल्याचा आरोप". आरोप आहे, तेव्हा 'धार्जिणी' चालेल. हेच वर्णन बातमीदार स्वतःच्या तोंडाने करत असेल तर "खुल्या बाजाराची धोरणं".

वाक्य ४: "उदारमतवादी". मराठीत हा शब्द जिथे सर्वांत शोभून दिसतो ती जागा हीच.

न्यायाधीशांसाठी "उदारमतवादी मानले जाणारे तीन न्यायाधीश", आणि पुढे अर्धं वाक्य: डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी नेमलेले. राज्यघटनेचा अर्थ बदलत्या काळाप्रमाणे व्यापक लावावा असं ते मानतात, एवढी एक ओळ चौकटीत दिली की पुरे. 'मानले जाणारे' काढू नका, कारण न्यायाधीश स्वतःला ते बिरूद लावून घेत नाहीत.

'लिबरल डेमोक्रसी'ला "उदारमतवादी लोकशाही" बरोबर आहे, पण वाचक त्याचा अर्थ 'डाव्यांची लोकशाही' लावतो. तिथे मुद्दा असा की बहुमतालाही घटना, न्यायालयं आणि नागरिकांचे हक्क यांचं कुंपण असतं. लेखात एकदा "हक्कांचं कुंपण असलेली लोकशाही" असं फोडून लिहा, मग संज्ञा वापरा.

'लिबरल आर्ट्स'चं "उदारमतवादी कला" केलेलं दिसतं, ते साफ चूक. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे, गुलाम नसलेल्या मोकळ्या नागरिकाला शोभणाऱ्या विद्या असा अर्थ. मतवादाचा संबंध नाही. सरळ "लिबरल आर्ट्स" लिहा, किंवा "साहित्य, समाजशास्त्रं आणि विज्ञान यांचं एकत्र शिक्षण". तसंच "कायद्याचा लिबरल अर्थ" म्हणजे उदारमतवादी अर्थ नव्हे, "व्यापक अर्थ" किंवा टीका असेल तर "सैल अर्थ".

बांधावरून

एक भर. 'नवउदारमतवाद' लिहिताना तो शब्द कुणाचा आहे ते पाहा. 1938 मध्ये पॅरिसच्या एका बैठकीत काही विचारवंतांनी हे नाव स्वतःहून पुढे केलं, तेव्हा त्यांना जुना 'सरकार बाजूला सरा' पंथ आणि समाजवाद यांच्यामधली वाट हवी होती. आज तो जवळजवळ नेहमी टीकाकाराच्या लेखणीतून येतो आणि अर्थ नेमका उलटा, म्हणजे बाजाराला मोकळं रान. स्वतःला नवउदारमतवादी म्हणवणारा पक्ष शोधायला गेलात तर दमाल. म्हणून "नवउदारमतवादी सरकार" असं आपल्या तोंडाने न लिहिता "टीकाकार ज्याला नवउदारमतवाद म्हणतात ती धोरणं" असं लिहा आणि लगेच धोरणाचं नाव घ्या: अनुदान कपात, सरकारी कंपनीची विक्री, जे असेल ते.

जुनं_पान

टिपणवही, वाक्य ४ मध्ये सनदशीर यांनी 'उदारमतवादी' ठेवलं ते योग्यच. फक्त त्याच परिच्छेदात सप्रू किंवा परांजपे आले तर तिथे "प्रागतिक पक्षाचे" करा आणि 1918 हे साल एकदा कंसात द्या. म्हणजे रानडे-गोखल्यांचा विचार आणि पुढचा पक्ष यांतली फट वाचकाला दिसेल. आणि टिपणांत जिथे जिथे 'मवाळ' आहे तिथे शोधून 'नेमस्त' घाला. अवतरण असेल तेवढं मात्र तसंच ठेवा.